एकतीस बाटल्या

कारभारी : मंग, गेला का न्हाई डोक्यावरनं?

नीलांबरी : आत्ता जात असेल, काका. दहा पन्नासची वेळ आहे त्याची. मिनिटभर इकडं-तिकडं.

रतनबाई : कुठं गं? मला तर नुसतं ढगच दिसत्यात.

नीलांबरी : त्यालाही ढगच दिसतायत, मावशी.

रतनबाई : अगं बया! म्हंजी एवढा कोट्यवधीचा उपग्रह, आन् त्याला माझ्यापरीस जास्ती काय दिसत न्हाई?

नीलांबरी : ढग असले की नाही दिसत. तो पाण्याचा रंग बघतो. उजेड पाण्यात शिरतो, तिथल्या हिरव्यात थोडा अडकतो, उरलेला परत वर येतो. त्यावरून कळतं पाण्यात किती शेवाळ आहे ते. मध्ये ढग आला की सगळा खेळ खलास.

रतनबाई : समुद्राचं तर म्हनं सगळं सांगतीस. मागं टीव्हीवर दाखवलं हुतं, गोव्याच्या फुडं कुठं हिरवं, कुठं निळं. मी सगळ्यांना सांगितलं, आमच्या गुरुजींची पोर हाय ती. आन् आमच्या एवढ्याशा धरनाचं तुला कळंना व्हय!

कारभारी : रतन, गप ऱ्हा जरा. ताई, पाच दिसांनी पुन्हा येतो म्हनला हुतात ना त्यो?

नीलांबरी : हो. शुक्रवारी.

कारभारी : शुक्रवार लई लांब हाय.

नीलांबरी : माहीत आहे, काका.

कारभारी : परवा उठलो तर अल्याडचं आठ पिंजरं पांढरं झाल्यालं. चिलापी मासळी अशी पोट वर करून. एकेका पिंजऱ्यात दोन-अडीच हजार. मी, पोरगा सुनील आन् ही, तिघांनी दिवसभर काढली, खड्डा घेतला, चुना टाकला. पल्याडचं आठ ऱ्हायलेत. ते बगा, सगळी तोंडं वर. सकाळपास्नं असंच चाललंय, मुका घ्यावा तसं.

नीलांबरी : श्वास पुरत नाहीये त्यांना. ऊन पडलं असतं तर या शेवाळानंच दिवसा थोडा प्राणवायू सोडला असता. चार दिवस ऊन नाही. आता शेवाळच मरतंय, कुजतंय, आणि कुजताना उरलासुरला प्राणवायू खातंय.

कारभारी : मंग मला येकच सांगा. ओढा जिथं धरनात उतरतो ना, तिकडं पानी बरं हाय का? एवढंच सांगा. मी दुसरं काय इचारत न्हाई.

नीलांबरी : तेच बघायला थांबले होते ना मी आत्ता. ढग नसते तर दुपारपर्यंत चित्र आलं असतं, आणि कुठं किती हिरवं ते दाखवलं असतं मी तुम्हाला.

कारभारी : तुमचं ते प्राणवायू मोजायचं यंत्र?

नीलांबरी : जहाजावर गेलंय. आमची गोव्याच्या प्रयोगशाळेतली सगळी मंडळी पंधरा दिवस समुद्रात आहेत. तुमचा फोन आला तशी मी अंगावरच्या कपड्यांनिशी बस पकडली. जवळ हा लॅपटॉप आहे आणि दोन रिकाम्या बाटल्या. बाकी काही नाही.

कारभारी : काल मी होडी घेऊन गेल्तो तिकडं. तीन किलोमीटर वल्हवत. तिथंबी हिरवंच हाय. पर जरा कमी वाटलं. का मलाच कमी वाटावं वाटलं, कुनास ठावं. माझा माझ्याच डोळ्यावर भरवसा ऱ्हायला न्हाई आता.

रतनबाई : पिंजरंच ओढत न्ह्यावं की तिकडं. सुनील म्हनत हुता.

कारभारी : आता? आता ओढलं तर निम्मी वाटंतच मरत्याल. जीव हाय का त्यांच्यात? महिन्यामागं न्हेलं असतं तर गोष्ट येगळी हुती. तवा नांगर काढायला चार गडीबी हुते. म्हनलो हुतो मी ताईला.

नीलांबरी : हो. गणपती गेल्यावर फोन केला होतात. पाण्याला हिरवी झाक आलीय, पिंजरे हलवू का म्हणून विचारलं होतंत.

कारभारी : मी दोष देत न्हाई, ताई.

नीलांबरी : द्या ना. मी म्हटलं होतं, काका, शेवाळाचा आकडा अकरा आहे, काळजीचं कारण नाही. चाळीसच्या वर गेला की तुमच्या मोबाईलवर आपोआप निरोप येईल, तोवर निवांत राहा. निवांत राहा म्हटलं होतं मी.

रतनबाई : व्हय, तो निरोप! हे रोज रात्री निजताना मोबाईल उघडून बगायचं. आला का, आला का. जावयाच्या पत्राची वाट बगावी तसं.

कारभारी : न्हाईच आला.

नीलांबरी : येणारच नव्हता. कारण आकडाच चुकत होता. का चुकत होता तेवढं मला कळत नाहीये. बसमध्ये डोळ्याला डोळा लागला नाही. काका, मला एकदा पहिल्यापासून सांगा. बाटली कशी भरत होतात?

कारभारी : तुमी लिहून दिलेलं तसंच. तो कागद प्लॅस्टिकमदी घालून शेडमदी लावलाय, बगा हवं तर. बारा ओळी. मला तोंडपाठ हायती.

नीलांबरी : तरी सांगा.

कारभारी : उपग्रह यायच्या दिवशी, त्याच्याच वेळंला. फळीच्या टोकाला जायाचं, पिंजऱ्यापास्नं लांब. बाटली तिथल्याच पान्यानं तीन डाव खंगाळायची. मंग हातभर खाली बुडवायची, आत बुडबुडं ऱ्हाऊ द्यायचं न्हाई. बूच लावायचं. वर तारीख, टाइम. काळ्या पिशवीत घालायची, उजेड लागू द्यायचा न्हाई. बर्फाचा डबा. मंग सुनील मोटारसायकलवर संगमनेरला न्ह्यायचा, तिथनं गोव्याच्या गाडीत. एक डाव चुकलो न्हाई. पोळ्याच्या दिशी तापानं फणफणलो हुतो, तरी भरली.

नीलांबरी : माहीत आहे. आमचे साहेब म्हणायचे, जहाजावरच्या शिकलेल्या पोरांपेक्षा तुझा हा शेतकरी बरा.

कारभारी : तसं म्हनले?

नीलांबरी : मीटिंगमध्ये म्हणाले. सगळ्यांसमोर.

रतनबाई : आन् माझं नाव कुनी घेतलं का न्हाई? अर्धं काम तर मी करत हुते.

नीलांबरी : तुम्ही काय करत होतात, मावशी?

रतनबाई : काय म्हंजी! हे बाटली आनून द्यायचं, मी गाळून दुसऱ्या बाटलीत भरायचे.

नीलांबरी : गाळून?

रतनबाई : मंग! असंच धाडायचं व्हय तुझ्याकडं, हिरवं, बुळबुळीत? लोक काय म्हनत्याल, गुरुजींच्या पोरीला कसलं पानी धाडत्यात. माझ्या आईनं शिकवलंय, घरातनं पानी भाईर जायाचं तर गाळल्याबिगर जायाचं न्हाई, मंग ते पाव्हण्याला असू दे न्हाईतर गुराला. धुवट पातळाची चांगली आठपदरी घडी करायचे. पयल्या डावाला चारपदरी केली तर कायबाय खाली उतरलं, म्हनून मंग आठपदरी. तुझी बाटलीबी आतनं तीनदा धुऊन घ्यायचे, हां. घान हात लावला न्हाई कधी.

नीलांबरी : आणि... फडक्यावर काय राहायचं?

रतनबाई : श्रावण-भादव्यात तर साय धरायची नुसती. हिरवीगार. चिमटीत धरून उचलली तर निघंल अशी. येवढ्याशा पान्यात येवढी घान!

नीलांबरी : ती कुठं टाकायचात?

रतनबाई : कुठं टाकनार? परत धरनात. फडकं खळबळून घ्यायचं.

(नीलांबरीने मांडीवरचा लॅपटॉप मिटला. मग उगाचच पुन्हा उघडला आणि पुन्हा मिटला. रागावण्यासाठी समोर कुणीतरी वाईट वागलेलं माणूस तरी लागतं. इथे रतनबाई पदराला हात पुसत, कौतुकाचा एखादा शब्द यावा म्हणून तिच्या तोंडाकडे बघत उभी होती. नीलांबरीच्या त्या बारा ओळींच्या कागदात बुडबुड्यांपासून बर्फापर्यंत सगळं होतं. ‘गाळू नका’ एवढे दोन शब्द नव्हते. ते लिहायला हवेत असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं, आणि आता तिला अगदी लहान मुलीसारखं घरी जावंसं वाटत होतं.)

रतनबाई : का गं? काय झालं? गाळायचं नव्हतं का?

नीलांबरी : नाही... म्हणजे... तुम्ही मनापासून केलंत, मावशी. एवढं कुणी करत नाही.

रतनबाई : मंग त्वांड का असं उतरलं तुझं? रातभर बसमदी, पोटात काय न्हाई...

कारभारी : रतन, तू वर बांधावर जा. हितं रेंज न्हाई. सुनीलला फोन लाव, हवेचा पंप मिळाला का बग. आन् येताना शेडमदनं विळा आन.

रतनबाई : विळा कशाला?

कारभारी : आन म्हनलं तर आन की.

रतनबाई : जाते. पर पोरीला चहाचं तरी इचारा. मला कामाला लावायचं आन् आपन उभं ऱ्हायाचं.

कारभारी : ...गेली. आता बोला, ताई.

नीलांबरी : काय बोलू?

कारभारी : तुमचं त्वांड बगितलं मी. त्या गाळन्यात काय झालं?

नीलांबरी : काका, आम्हाला तेच हवं होतं. ती साय. आमच्याकडे बाटली आली की आम्ही पाणी बारीक कागदातून गाळतो, पाणी फेकून देतो, आणि कागदावर जे हिरवं राहतं ते मोजतो. मावशी आधीच गाळून, ते हिरवं धरणात टाकून, उरलेलं पाणी मला पाठवत होत्या.

कारभारी : म्हंजी तुमाला आमचं धरन स्वच्छ दिसायचं.

नीलांबरी : तुमच्या बाटलीत दिसायचं.

कारभारी : आन् वरनं? उपग्रहाला?

नीलांबरी : थांबा, लॅपटॉप उघडते.

कारभारी : ताई. वरनं काय दिसायचं?

नीलांबरी : हिरवं दिसायचं. गणपतीनंतरच्या चित्रात बासष्ट आला होता आकडा.

कारभारी : बासष्ट. आन् निरोप चाळीसला.

नीलांबरी : हो.

कारभारी : मंग अकरा कुठनं आला?

नीलांबरी : मी केला. हे सगळं गणित समुद्रासाठी बनवलेलं आहे, काका. धरणाच्या पाण्यात माती असते, त्यामुळे उपग्रह फसतो, आहे त्याहून जास्त हिरवं दाखवतो. हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून तर बाटल्या भरायच्या. बाटली सांगते खरं किती, त्यावरून उपग्रहाला ताळ्यावर आणायचं. तुमच्या तीस बाटल्या एकसारख्या सांगत होत्या, आठ, नऊ, सात. उपग्रह म्हणत होता पन्नास, साठ. मी म्हटलं, उपग्रह फसतोय. गणित बदललं. त्याचा बासष्ट आला की आपोआप अकरा होईल असं केलं.

कारभारी : तीस? मला वाटतं एकतीस हुत्या.

नीलांबरी : पहिली मी भरली होती. गेल्या पावसाळ्यात, इथं आले होते तेव्हा. या फळीवर पालथी पडून. तिचा आकडा उपग्रहाशी बरोबर जुळत होता. एकटीच जुळत होती. मी ती चुकीची म्हणून बाजूला काढली.

कारभारी : सोताचीच?

नीलांबरी : तीस विरुद्ध एक, काका. कुणीही काढली असती. माझ्या साहेबांनीही काढली असती. नाही, असं कशाला म्हणते मी. मी काढली.

कारभारी : मला डोळ्यांनी दिसत हुतं, बरं का. भादव्यात पानी पार काकवीवानी जड झालं हुतं. हात घातला की हिरवा निघायचा. पर मी म्हनलो, आपल्याला हातभर दिसतंय, ताईला वरनं सगळं दिसतंय.

नीलांबरी : आणि मला वरून दिसत होतं. मी म्हटलं, काकांच्या हातचं पाणी आहे, ते कशाला खोटं सांगेल.

कारभारी : कुनाला धरायचं मंग?

नीलांबरी : मला धरा. एकदा नुसतं फोनवर विचारायला हवं होतं, काका, बाटलीतलं पाणी दिसतं कसं? हिरवं की साधं? एवढंच. वर्षभरात एकदाही विचारलं नाही. आकडे आले की तेच बघत बसायचे.

कारभारी : ताई, येक मागनं हाय.

नीलांबरी : मावशींना सांगायचं नाही.

कारभारी : तिला न्हाई सांगायचं. पिल्लं आनली तवा बोटाएवढी हुती. सात महिनं तिनं हातानं चारली. परवा मेलेली काढताना येक शब्द बोलली न्हाई, नुसती टोपल्या वाहत हुती. तिला जर कळलं की तिच्या फडक्यानं...

नीलांबरी : फडक्यानं नाही, काका.

कारभारी : तुमाला, मला कळतंय. तिला कसं समजवायचं? ती पान्याला हात लावायची न्हाई पुन्हा.

नीलांबरी : मला लिहावं मात्र लागेल. या आकड्यांवर आमचा एक लेख निघालाय. दुसरीकडचे लोक तेच गणित त्यांच्या धरणांना लावायला निघालेत. ते थांबवायला हवं. का चुकलं तेही लिहावं लागेल.

कारभारी : इंग्रजीत लिवनार ना?

नीलांबरी : हो.

कारभारी : मंग लिवा. समदं लिवा. तिला कुठं वाचायचंय. सुनीलला तेवढं मी बगून घेतो.

नीलांबरी : काका, तुम्ही रागवा तरी एकदा माझ्यावर. ओरडा.

कारभारी : ओरडून काय मासं खाली जानार हायेत? तुमच्या वडलांनी मला छडीनं फोडलं, पर पाढं शिकवल्याबिगर सोडलं न्हाई. त्यांच्या पोरीवर कुठं ओरडू. आली ती. डोळं पुसा.

रतनबाई : अवो, सुनील म्हनतोय पंप हाय पर उद्याच्याला सांजच्याला मिळंल. संगमनेरात हुता त्यो कालच कुनीतरी न्हेला. नाशिकहून मागवलाय म्हनं. हा घ्या विळा.

कारभारी : उद्या सांजच्याला. ताई, तवर दम काढतील का?

नीलांबरी : ढग असेच राहिले तर उद्याची पहाट काढणार नाहीत. पहाटे सगळ्यात कमी असतो प्राणवायू. मागच्या आठांचंही तेच झालं.

कारभारी : मंग ठरलं. जाळी सोडू.

रतनबाई : सोडू म्हंजी?

कारभारी : रस्स्या कापायच्या. येक बाजू खाली सोडायची. जातील भाईर, जिकडं श्वास मिळंल तिकडं.

रतनबाई : आन् मंग आपल्याकडं काय ऱ्हाईल?

कारभारी : काय न्हाई.

रतनबाई : काय न्हाई. बरं. खड्ड्यात घालन्यापरीस ते बरं. मी येते फळीवर, तुमी एकट्यानं नका वाकू, पाय सरकंल. पोरी, तू रस्सी धर.

नीलांबरी : धरलीय.

कारभारी : सोडा... अजून सोडा... हां. गेली खाली बाजू. पयला मोकळा.

रतनबाई : जा रे बाबांनो. जा.

कारभारी : दुसरा. ताई, ती गाठ, विळा लावा, सोडवत बसू नका.

नीलांबरी : कापली.

कारभारी : तिसरा... थांबा. थांबा जरा. पयल्याकडं बगा.

नीलांबरी : अजून आतच आहेत.

कारभारी : समदे आतच हायेत. वाट मोकळी हाय, आन् येकबी हलंना. जाळंबी आडवं न्हाई, खाली बगा, पार तळाला गेलंय.

नीलांबरी : त्यांना कळलंच नाहीये का?

कारभारी : आमची पावलं वाजली ना फळीवर. उलट गोळा झालेत. पावलं वाजली की दाना येतो, एवढंच ठावं त्यांना.

रतनबाई : हुश्श! हुश्श! अरं जावा की मुडद्यांनो! तिकडं जावा, हितं काय हाय? ...अवो, हे तर माझ्याच हाताकडं येत्यात.

कारभारी : चल रतन, आपन वर जाऊ. आपन हितं हाय तवर ते जायाचे न्हाईत.

रतनबाई : थांबा. दोन दिस दाना बंद केलाय आपन. मूठभर टाकते. उपाशी कसं धाडायचं?

नीलांबरी : मावशी, दाणा नको. खाल्लं की जास्त श्वास लागतो त्यांना. आधीच...

रतनबाई : येक मूठ गं. सात महिनं चारलंय मी. लेकीला सासरी धाडताना हातावर दही घालतो आपन.

कारभारी : टाकू द्या तिला, ताई. रतन, पर हितं नको. जाळ्याच्या भाईर टाक. लांब. जेवढा हात जाईल तेवढा लांब, ओढ्याच्या अंगाला. मागं मागं जातील त्या दान्याच्या.

रतनबाई : व्हय का? मंग अख्खी टोपलीच टाकते. होडीतनं जाते टाकत टाकत. तुमी वल्हवा.

कारभारी : बस फुडं. ताई, ऱ्हायलेल्या पिंजऱ्यांच्या रस्स्या तुमी कापा.

रतनबाई : पोरी, तिकडलं पानी चांगलं हाय ना गं?

नीलांबरी : मला दिसत नाहीये, मावशी. टाका तुम्ही.